अद्भुत आणि भयानक : क्ष-किरणांचे आकाश व मराठी विज्ञानगद्य

आपल्या साहित्यशास्त्राने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव मानला आणि भय हा भयानकाचा. हा भेद केवळ नाट्यकाव्यापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. कृष्णविवरे, न्यूट्रॉन तारे इत्यादी टोकाच्या अवस्थेतील खस्थ पदार्थांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बराच भाग अद्भुताचा विषय हाती घेऊन भयानकाची निर्मिती करतो. 'अक्राळविक्राळ', 'सर्वभक्षक' अशा विशेषणांची रांग लागते. वाचक दचकतो, परंतु त्याच्या ज्ञानात भर पडत नाही.

'कृष्णविवर' या शब्दाचेच उदाहरण घ्यावे. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठविलेल्या आणि पहिले पारितोषिक मिळविलेल्या कथेचे हेच शीर्षक होते. शब्द सुंदर आहे यात शंका नाही. मात्र 'विवर' म्हटले की सारे काही ज्यात कोसळते असा खड्डा डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी गारठेल, पण आपली कक्षा सोडणार नाही. शब्दाने सुचविलेले भय दूर करणे हे अशा वेळी लेखकाचे काम होय.

ते कसे करावे, हे क्ष-किरण खगोलशास्त्राच्या इतिहासातच दिसते. हे किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून ते टिपण्यासाठी उपकरणे वर न्यावी लागतात. १९६२ साली रिकार्डो जियाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणाच्या साह्याने वृश्चिकेतील उगम शोधला. १९६४ मध्ये हंस तारकासमूहातील 'हंस क्ष-१' सापडला. तेथे एका प्रचंड ताऱ्याभोवती ५.६ दिवसांत फेरी पूर्ण करणारा एक अदृश्य सोबती आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट भरते. ताऱ्याचा वायू त्या सोबत्याभोवती गरगरत लक्षावधी अंश तापतो आणि आत नाहीसा होण्यापूर्वी क्ष-किरण फेकतो. ज्याला आपण काळे म्हणतो, त्याचा पत्ता त्याच्या उंबरठ्यावरील प्रकाशाने दिला! या वाक्यास एकाही भीषण विशेषणाची गरज नाही.

दुसरे उदाहरण खेकडा तेजोमेघाचे. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदविलेल्या स्फोटाचा हा अवशेष. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे. तेथील प्रचंड वेगाचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना क्ष-किरण देतात. हीच क्रिया आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील 'इंडस-२' या यंत्रात घडते. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तेथे अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तेजोमेघातील त्याहून कितीतरी अधिक. प्रमाण भिन्न, नियम एकच. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारतीय 'अ‍ॅस्ट्रोसॅट'ने याच तेजोमेघाच्या क्ष-किरणांचे ध्रुवीभवन मोजले व ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशीपुऱ्यातील विद्यार्थ्यास हे सांगितले, तर दूरचे आकाश त्याच्या गावाशी जोडले जाते.

भयामुळे मुले निदान पुस्तकापाशी येतात, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण भ्यालेला वाचक प्रश्न विचारीत नाही, विस्मित झालेला विचारतो. बीजगणितात आपण अज्ञात राशीस 'क्ष' म्हणतो ते ती काढावयाची असते म्हणून. रंटगेननेही १८९५ मध्ये आपल्या अनोळखी किरणांस याच अर्थाचे नाव दिले. तेव्हा पाठ्यपुस्तकासाठी उतारा निवडताना शिक्षकांनी एवढेच पाहावे : ती वस्तू किती भयंकर आहे एवढेच लेखक सांगतो, की ती कशी कळली हेही सांगतो? दुसरी गोष्ट नसेल, तर भाषा कितीही डौलदार असो, तो उतारा बाजूस ठेवावा.