कॉकटेल अभिजात कशानं होतं?

मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या चांगल्या बारची मेन्यूकार्डं गेल्या दहा वर्षांत पार बदलून गेली. कोकम, कढीपत्ता, जांभूळ, मोहाची फुलं असं सगळं ग्लासात उतरलं. गोव्यात तयार होणाऱ्या जिनला परदेशातही गिऱ्हाईक मिळालं. या बहराचं कौतुक करावं तेवढं थोडं. तरीही यातली किती पेयं त्या त्या बारच्या दाराबाहेर जगतील, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण अभिजात कॉकटेलांच्या इतिहासाचा सारा रोख त्याच प्रश्नावर आहे.

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रानं कॉकटेलची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळं, साली आणि मसाल्यांचा मद्यात उतरवलेला अर्क. त्या काळी तो औषध म्हणून घेतला जाई. आज प्रत्येक बारमध्ये दिसणारं अँगोस्टुरा बिटर्स १८२४ साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरनं, योहान सीगर्टनं, तयार केलं. न्यू ऑर्लिन्समध्ये अँत्वान पेशो या औषधविक्रेत्याचं बिटर्स खपत असे. लिंबू-साखरेची जोडी तर याहून जुनी. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले युरोपीय व्यापारी अरकात लिंबू, साखर आणि मसाला घालून पंच पीत होते.

या सगळ्याला कलेचं रूप दिलं बर्फानं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजांनी दूरदूर विकला. १८३३ साली तो कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबईतही आला. अमेरिकेत तो रोजच्या वापरातला झाल्यावर बारमागच्या माणसाच्या हातात एक नवं साधन आलं. १८६२ साली जेरी थॉमसचं कृतींचं पुस्तक निघालं आणि तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरली.

बर्फ नेमकं काय करतो, हे डायकिरीत स्वच्छ दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्युबात सांतियागोजवळच्या खाणींच्या मुलखात हे पेय नावारूपाला आलं. त्याचं श्रेय जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकी अभियंत्याला दिलं जातं. ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा ताजा रस, २० मिली साखरेचा पाक. शेकर बर्फानं भरायचा आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवायचा. बघता बघता धातूवर पांढरा थर चढतो आणि बोटं बधिर होतात. तेवढ्यात मिश्रण शून्याच्याही खाली थंड होतं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात उतरतं. हे पाणी कृतीचाच घटक असतं. कमी पडलं तर रम घशाला लागते, जास्त झालं तर सगळं पांचट होतं. आमटीत चिंच आणि गूळ एकमेकांना जसे सांभाळतात, तसेच इथे लिंबू आणि साखर. तीनच जिन्नस असल्यामुळे प्रमाण जरा चुकलं तरी पहिल्याच घोटाला कळतं.

असं पेय काळाचे धक्के कसे सोसतं? न्यू ऑर्लिन्सचं सॅझरॅक परंपरेनुसार आधी कोन्याक या फ्रेंच ब्रँडीत बनत असे. फायलोक्सेरा या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि कोन्याकची जागा राय व्हिस्कीनं घेतली. त्यात लागणाऱ्या ॲबसिंथवर १९१२ साली अमेरिकेत बंदी आली, तेव्हा बडीशेपेच्या स्वादाची दुसरी मद्यं आली. दोन मुख्य घटक बदलले तरी सॅझरॅक टिकलं, कारण त्याची बांधणी पक्की होती. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतले कसबी बारटेंडर देशोधडीला लागले, पण त्यांच्यासोबत कृतीही जगभर गेल्या. हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला आणि १९३० साली त्याचा कृतिसंग्रह प्रसिद्ध झाला.

पुढे या कलेला उतरती कळा लागली. ताज्या रसाची जागा पावडरीनं आणि बाटलीबंद आंबट-गोड मिश्रणानं घेतली. न्यूयॉर्कच्या रेनबो रूममध्ये डेल डीग्रॉफनं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ताजा रस आणि जुन्या कृती परत आणल्या. त्याच शहरात १९९९च्या अखेरीस साशा पेट्रास्केनं ‘मिल्क अँड हनी’ सुरू केलं आणि मोजमाप व बर्फ यांची शिस्त घालून दिली. तिथेच २००५च्या सुमारास सॅम रॉसनं स्कॉच, लिंबू, मध आणि आलं यांतून ‘पेनिसिलिन’ घडवलं. थोड्याच वर्षांत ते जगभरच्या बारमध्ये मिळू लागलं. त्यासाठी कुठलंही दुर्मीळ यंत्र लागत नाही, हे त्याच्या प्रसाराचं मोठं कारण आहे.

आपल्याकडच्या आजच्या कामात मला इथेच उणेपणा दिसतो. वरच्या थरातल्या बारमध्ये दोन दिवस गाळलेले अर्क, काचेच्या घुमटाखालचा धूर आणि पाच-सहा घरगुती सिरप यांशिवाय पेय उभं राहत नाही. मेहनत खरी असते, चवही अनेकदा उत्तम असते. पण ती कृती शेजारच्या बारलाही जमत नाही आणि मेन्यू बदलला की पेयही विस्मरणात जातं. दुसऱ्या टोकाला साधी परमिट रूम. तिथे पेग ३० किंवा ६० मिलीचा चोख मोजला जातो, लिंबू मात्र अंदाजानं पिळलं जातं. कागदी लिंबाचा रस ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे त्याच टेबलावरचे दोन ग्लास दोन चवींचे निघतात.

याउलट गोव्यातली उन्हाळ्याची तऱ्हा पाहा. उर्रक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची हलकी दारू, लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. ही कृती कुणा एकाच्या नावावर नाही, ती प्रत्येक तावेर्नात, म्हणजे गावच्या छोट्या बारमध्ये, बनते आणि सगळ्यांना पाठ असते. अभिजात पेयाचे बहुतेक गुण तिच्यात आहेत. अडचण एवढीच, की काजूचा हंगाम सरला की उर्रकही संपतं. फेणी मात्र टिकते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण देशी दारूच्या वर्गवारीमुळे ती वर्षानुवर्षं गोव्याबाहेर फारशी पोहोचली नाही. बारमध्येही तिचा उग्र वास फळांच्या गोड सिरपाखाली दाबण्याकडेच कल असतो. तो वास हीच तिची ओळख आहे. त्याला तोलून धरेल एवढंच आंबट, एवढंच गोड आणि चिमूटभर मीठ शोधणं, हे आजच्या बारटेंडरांसमोरचं खरं काम आहे.

ते काम झालं की कृती प्रमाणासह छापावी, दुसऱ्यांना करू द्यावी, बदलूही द्यावी. नागपूरच्या किंवा लंडनच्या अनोळखी बारमध्ये फेणीचं ते पेय नाव घेऊन मागता आलं आणि समोरच्यानं पुस्तक न उघडता ते बनवलं, की आपल्या मातीतलं कॉकटेल अभिजात झालं असं म्हणता येईल. त्यासाठी लागणारे हात आणि जिन्नस आपल्याकडे आहेत. मोजून, नेमकं आणि कमीत कमी घटकांत काम करण्याची शिस्त आता बाणवायला हवी.