‘अंग’ आणि अनामिक स्नायू : स्त्री-आरोग्यविषयक मराठी लेखनाची चिकित्सा

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाची चर्चा बहुधा संततिनियमनाच्या संदर्भात होते. १९३४ च्या खटल्याचे मूळ मात्र वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरीही दंड झाला. (बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा पुढच्याच वर्षीची, आणि ती आमच्या येवल्यातील.) प्रश्न विचारण्याचा हक्क त्या खटल्याने ऐरणीवर आणला. पण प्रश्न विचारायला आधी शब्द लागतात. प्रसूतीनंतर खोकताना लघवी गळणाऱ्या किंवा शरीरसंबंधात वेदना सोसणाऱ्या स्त्रीला मराठी आरोग्यलेखन कोणते शब्द देते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बोलीत ‘अंग बाहेर येणे’, ‘अंगावरून जाणे’ असे वाक्प्रचार आहेत. त्यांत गर्भाशय, योनिमार्ग आणि संकोच एकाच ‘अंगा’त सामावतात. पाठ्यपुस्तकी भाषेत ‘श्रोणितल’ हा शब्द आहे. तो कोणत्याही घरात बोलला जात नाही. येवल्याच्या विणकरघरांत धोटा, फणी, कांडी अशी मागाच्या प्रत्येक भागाला नावे आहेत. परंतु पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरून मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तोलणाऱ्या स्नायूंना बोलीत नाव नाही.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या लैंगिक कार्यावर लिहिले. लघवी गळण्याच्या तक्रारीवर ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्था दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, तीही देखरेखीखाली किमान तीन महिने, असे सुचवते. माझ्या वाचनातील बहुतेक मराठी लेखांत मात्र हा विषय ‘घट्टपणा’ आणि पतीचे समाधान यांवर येऊन थांबतो. हा केवळ अभिरुचीचा दोष नव्हे. स्नायू आधीच ताठरलेले असल्यास आकुंचनाने वेदना वाढू शकते. तेथे ते सैल सोडण्यास शिकवावे लागते. स्त्रीची वेदना लेखाबाहेर राहिली, की उपचाराचा हा अर्धा भागही बाहेर राहतो.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा १९८९ मधील ‘लॅन्सेट’चा अभ्यास येथे आठवतो. गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास या स्नायूंचा नव्हता, पण डॉक्टरपर्यंत न पोहोचलेल्या तक्रारींचे प्रमाण त्यातून कळते.

‘वायू रोखताना जो भाग आत ओढला जातो तो आवळा, मग पूर्ण सैल सोडा’ ही सूचना कोणत्याही स्त्रीला कळते. एका व्याख्यानात मी ती दिली. छापील वृत्तांतात तिच्या जागी ‘विशिष्ट व्यायाम’ असे दोन शब्द आले.