अन्नपूर्णेची चढाई आणि मोजायची पट्टी

आर्लीन ब्लम यांचे ‘अन्नपूर्णा : अ वुमन्स प्लेस’ हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. ब्लम या रसायनशास्त्रज्ञ. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतील ‘ट्रिस’ हे अग्निरोधक रसायन घातक ठरू शकते, याकडे १९७७ साली लक्ष वेधणाऱ्यांपैकी त्या एक. त्याआधी अलास्कातील डेनाली शिखराच्या एका मोहिमेत स्त्रियांना तळछावणीपर्यंतच प्रवेश होता, तोही स्वयंपाकाच्या मदतीसाठी. म्हणजे डोंगरावरही चूल सुटलेली नव्हती! १९७० साली ब्लम केवळ स्त्रियांच्या तुकडीबरोबर डेनालीच्या माथ्यावर पोहोचल्या.

१९७८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची मोहीम ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेवर गेली. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. १५ ऑक्टोबरला आयरीन मिलर व व्हेरा कोमारकोव्हा शिखरावर पोहोचल्या. सोबत मिंग्मा त्सेरिंग व चेवांग रिंजिंग हे शेर्पा होते. त्यानंतर शेर्पांविना निघालेल्या व्हेरा वॉटसन व ॲलिसन चॅडविक-ओनिशकेविच दोन दिवसांनी कोसळून मरण पावल्या.

पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे प्रांजळपणा. हिमप्रपातांची भीती, आपसांतील मतभेद, शेर्पांशी झालेले वाद, दुसऱ्या तुकडीला होकार देतानाची नेत्याची घालमेल, यांतले काहीही झाकलेले नाही.

आमचा आक्षेप आहे तो शीर्षकातील दाव्याला. एका चढाईने साऱ्या स्त्रीजातीची योग्यता सिद्ध करावी, हे ओझे त्यात गृहीत धरलेले आहे. शेर्पा बरोबर असतील तर चढाई स्त्रियांची कशी, हा प्रश्नही त्याच ओझ्यातून येतो. १९५० साली एर्झोग व लाशनाल अन्नपूर्णेवर प्रथम चढले, त्या मोहिमेतही शेर्पा होतेच. तेव्हा मात्र पुरुषांचे श्रेय कोणी कमी केले नाही. दोन नमुने दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजले तर तुलनेला अर्थ राहत नाही, हे आपण प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतो. पुरुष कोसळला तर तो एका माणसाचा अपघात ठरतो. स्त्री कोसळली की स्त्रियांच्या क्षमतेची चर्चा सुरू होते.

शिक्षकांनी हे पुस्तक वरच्या वर्गांसाठी जरूर निवडावे. शिखर कोणी गाठले एवढेच विचारून थांबू नये; श्रेय कोणत्या पट्टीने मोजले आणि मिंग्मा व चेवांग यांची नावे किती जणांच्या लक्षात राहिली, हेही विचारावे.