रक्षण कोणाचे? : मूत्रपिंडसंरक्षक वनस्पति-अर्कांच्या संशोधनाची चिकित्सा

औषधांमुळे मूत्रपिंडास होणारी इजा वनस्पतींच्या अर्काने टाळता येते, असे प्रतिपादन करणारे शोधनिबंध गेल्या काही दशकांत विपुल प्रसिद्ध झाले आहेत. पुनर्नवा, गोखरू, गुळवेल, हळद अशी कितीतरी नावे त्यांत आढळतात. वनस्पती बदलते, प्रयोगाची चाकोरी मात्र बहुधा तीच राहते. पांढऱ्या उंदरांना काही दिवस अर्क पाजावयाचा, जेंटामायसिन किंवा सिसप्लॅटिन टोचावयाचे, रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजावयाचे, मूत्रपिंडाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचे आणि अर्कास ‘संरक्षक’ ठरवावयाचे. या चाकोरीतून निघणारा निष्कर्ष कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

मूळ कल्पना अशास्त्रीय नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जेंटामायसिन मेगॅलिन या ग्राहक-प्रथिनाच्या द्वारे मूत्रनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशींत शिरते व तेथे साठते. सिसप्लॅटिन त्याच पेशींत मुख्यत्वे ओसीटी-२ या वाहक-प्रथिनाच्या मार्गाने प्रवेश करते. दोन्ही प्रसंगी पेशींतील ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. तेव्हा ऑक्सिडीकरणरोधक द्रव्याने इजा कमी व्हावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

परंतु येथेच मुख्य आक्षेप उद्भवतो. सिसप्लॅटिन कर्कपेशींच्या डीएनएशी बद्ध होऊन त्यांचा नाश घडविते, आणि त्या नाशातही हाच ताण हातभार लावतो. मग जो अर्क मूत्रपिंडातील पेशीस वाचवितो, तो कर्कपेशीस वाचवीत नाही कशावरून? अर्बुद नसलेल्या उंदरावरील प्रयोग या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही. ॲमिफॉस्टीन या कृत्रिम द्रव्याची अंडाशयाच्या कर्करोगावरील चाचणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तीत सिसप्लॅटिनयुक्त उपचारांची विषबाधा व अर्बुदाचा प्रतिसाद या दोहोंचा विचार केलेला होता. वनस्पति-अर्कांना याहून सौम्य कसोटी का लावावी, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप मात्रेविषयी. असल्या प्रयोगांत उंदरास दर किलोग्रॅम वजनामागे ८० ते १०० मिलिग्रॅम जेंटामायसिन रोज दिलेले आढळते. शरीरपृष्ठाच्या प्रचलित हिशेबाने १०० ही मात्रा मनुष्याच्या सुमारे १६ मिलिग्रॅमइतकी भरते. रुग्णास मात्र सामान्यतः ३ ते ७ मिलिग्रॅम देतात. त्याच हिशेबाने अर्काची ४०० मिलिग्रॅमची मात्रा ६० किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यास रोज जवळजवळ ४ ग्रॅम घट्ट अर्क होते. ती पचेल काय आणि निर्धोक ठरेल काय, याचा विचार क्वचितच केलेला दिसतो.

तिसरा आक्षेप तुलनेविषयी. सिसप्लॅटिन देताना रुग्णास शिरेतून लवणजल व मॅग्नेशियम देण्याची, तसेच जेंटामायसिन शक्य तेथे दिवसातून एकदाच देऊन रक्तातील त्याचे प्रमाण तपासण्याची पद्धत रूढ आहे. अर्काची तुलना या उपायांशी व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती बहुधा कोणतेच संरक्षण न मिळालेल्या उंदराशी केली जाते.

शेवटचा आक्षेप खुद्द ‘अर्क’ या शब्दाविषयी. पुनर्नवा म्हणून बोएऱ्हाविया व ट्रायॲन्थेमा या दोन भिन्न प्रजातींच्या वनस्पती व्यवहारात येतात. पाण्यातील व मद्यार्कातील अर्कांची घटकद्रव्येही एकसारखी नसतात. ओळखीतील चूक किती महागात पडते, हे १९९३ साली ब्रुसेल्सहून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताने दाखविले. वजन घटविण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली होती. स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती आल्याचे पुढे निष्पन्न झाले. मूत्रपिंडास तारणारी आणि मारणारी द्रव्ये एकाच पेटाऱ्यातून येऊ शकतात.

या वनस्पती निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. उलट, ज्यांना त्यांच्याविषयी आस्था आहे त्यांनीच कसोटी अधिक कठोर ठेवावी. नव्या अभ्यासकाने प्रयोगापूर्वी वनस्पतीचा नमुना ओळख पटवून जतन करावा, अर्कातील प्रमुख घटक मोजावेत, अर्बुदयुक्त किंवा संसर्गयुक्त प्राणी निवडावा आणि रूढ उपायाशी तुलना करावी. औषधाचे मूळ कार्य अबाधित राहिले, हे सिद्ध होईपर्यंत ‘संरक्षक’ हे विशेषण राखून ठेवणेच उचित होय. कारण मूत्रपिंड वाचले आणि रुग्ण दगावला, तर त्या संरक्षणाला काही अर्थ उरत नाही.