इंजिन गेल्यानंतरचें चित्र

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया होतें. त्या दिवशींच्या सहा चित्रपटांपैकीं ज्याची कीर्ति पुढें सर्वांत अधिक झाली, तो स्टेशनांत येणाऱ्या आगगाडीचा. पडद्यावरचें इंजिन अंगावर येतें असें वाटून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, ही आख्यायिका चित्रपटाच्या इतिहासांत वारंवार भेटते. तिच्याविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. आणि भुसावळसारख्या गांवीं राहणाऱ्यानें तें सांगावें, यांत कांहीं औचित्यहि आहे.

प्रथम वस्तुस्थिति. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें जो पहिला प्रसिद्ध खेळ झाला, त्यांतील दहा चित्रपटांत हा चित्रपट नव्हताच; तो पुढल्या वर्षीं दाखविण्यांत आला. पळापळीचा समकालीन पुरावा अभ्यासकांनीं पुष्कळ शोधला, पण भरंवशाचा असा हातीं लागला नाहीं. मुंबईपुरतें बोलावयाचें तर ठाण्याची गाडी १८५३ पासून धांवत होती. त्रेचाळीस वर्षें गाडी पाहिलेला, तिच्यांत बसून नाशिकास जाऊन आलेला गृहस्थ पडद्यावरच्या करड्या, मुक्या इंजिनास भ्याला असेल, असें मानणें म्हणजे त्याला अगदींच खुळा ठरविणें होय.

मग या चित्रपटांत पाहण्यासारखें आहे तरी काय? आम्हीं तो अलीकडे पुन्हां पाहिला. सारा खेळ पन्नास सेकंदांचा. कॅमेरा फलाटाच्या कडेशीं उभा आहे. गाडी तिरप्या रेषेंत येते, आणि बघतां बघतां इंजिन चौकटीबाहेर निघून जातें. चित्रपट खरा सुरू होतो तो येथून. डब्यांचीं दारें उघडतात, उतरणारे आणि चढणारे एकमेकांच्या वाटेंत येतात, कोणी डबा शोधीत पुढें जातो, कोणी कॅमेऱ्याकडे चोरटी नजर टाकतो. त्या गर्दींत स्वतः ल्युमिएर कुटुंबांतील माणसें आहेत. तेव्हां सारेंच सहज घडलें असें नव्हे. तरीहि गर्दीची ती चुळबुळ कोणास शिकवून साधली नसती. आमच्या भुसावळास नागपूरची आणि खंडव्याची अशा दोन वाटा फुटतात. वाफेच्या इंजिनांचा जमाना येथें कित्येक पिढ्यांनीं पाहिला. पण येथला माणूस फलाटावर उभा असतो, तेव्हां त्याची दृष्टि इंजिनावर नसते. आपलें माणूस कोणत्या दारांतून उतरतें, तिकडे असते. ल्युमिएरच्या कॅमेऱ्यानेंहि इंजिनास जाऊं दिलें आणि तो दारांकडे पाहत राहिला. भीतीच्या आख्यायिकेनें हें सुख झांकून टाकलें, ही आमची तक्रार आहे.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ १८९२ ची, म्हणजे ल्युमिएरच्या आधींची. म्हणून चित्रपटाचा मान तिलाच द्यावा, असें कांहीं अभिमानी मंडळी म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. रंगविलेल्या कांचा दिव्यापुढें पालटून कथा सांगणें ही निराळी कला. तिला उसना किताब कशाला हवा? काळोखांत बसून प्रकाशाच्या चौकटींत पुराणकथा पाहण्याची गोडी तिनें लोकांस लावली, आणि १९१३ सालीं फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’स जो प्रेक्षक लाभला, तो सर्वस्वीं नवखा नव्हता. एवढें श्रेय पुरे आहे.

आतां सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. या छायाचित्रकारानें इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीक व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती टिपली. विषयाच्या निवडींतच त्यांची मार्मिकता दिसते. कॅमेरा एका जागीं खिळलेला. आखाडा आपली चौकट स्वतःच आंखून देणारा. आणि कुस्तींत निकालाची ओढ असते, ती येणाऱ्या गाडींत नाहीं. मराठी माणसास याहून जिव्हाळ्याचा विषय सांपडणें कठीण. फिल्म धुण्यासाठीं मात्र विलायतेस पाठवावी लागली; आपल्या मल्लांचे पेंच प्रथम परक्या काळोख्या खोलींत उमटले. पुढें डिसेंबर १९०१ मध्यें, केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचें चित्रणहि त्यांनींच केलें.

वर आम्हीं सावेदादांच्या निवडीची स्तुति केली, कृतीची नव्हे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. निरुपाय आहे. तीं चित्रें आज उपलब्ध नाहींत. ल्युमिएरच्या फलाटावरील अनोळखी बाई सव्वाशेंहून अधिक वर्षें आपला डबा शोधीत आहे, आणि तिच्या चालण्याविषयीं आम्ही भुसावळास बसून वाद घालूं शकतों. पुंडलीकानें कोणता डाव टाकला, याविषयीं तो घालतां येत नाहीं.