बधिरत्व : अपंगत्व की भाषिक अस्मिता? एक चिकित्सा

बीजशब्द : बधिरत्व, श्रवणऱ्हास, सांकेतिक भाषा, अस्मिता, यंत्रमाग कामगार

प्रस्तावना

बधिर व्यक्ती ही अपंग व्यक्ती आहे की एका अल्पसंख्य भाषेची भाषक आहे, हा प्रश्न अपंगत्वविषयक अभ्यासात दीर्घकाळ चर्चिला जात आहे. श्रवणऱ्हास आणि बधिर समाजाचे सदस्यत्व या दोन गोष्टी वेगळ्या दाखविण्यासाठी जेम्स वुडवर्ड यांनी १९७२ साली इंग्रजीतील एकच शब्द लहान व मोठ्या आद्याक्षराने लिहिण्याचा संकेत सुचविला. देवनागरीत अशी सोय नाही. मराठीतील ‘बहिरा’, ‘कर्णबधिर’ आणि ‘मूकबधिर’ हे तिन्ही शब्द उणीवच सांगतात. ‘मूक’ या पदाने तर भाषेचे अस्तित्वच नाकारले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा भिवंडी परिसराच्या संदर्भात केली आहे.

व्याख्येची मर्यादा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार संभाषणाच्या वारंवारितांमध्ये दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर ठरते. ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्यांचा गट वेगळा मानला आहे. ही मोजणी निरर्थक नाही. शासकीय सेवेतील किमान ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का या दोन्ही गटांसाठी असून प्रमाणपत्राविना त्याचा लाभ मिळत नाही. तथापि ऱ्हास कोणत्या वयात झाला आणि त्या व्यक्तीची पहिली भाषा कोणती, हे डेसिबलच्या आकड्यावरून कळत नाही.

मागावरचे बधिरत्व

राहनाळ व आसपासच्या गावांत गोदामे वाढली असली तरी भिवंडीची ओळख यंत्रमागाशीच जोडलेली आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तासांच्या कामासाठी हीच कमाल मर्यादा मानली गेली आहे. वर्षानुवर्षे तेथे राबणाऱ्या कामगाराचे श्रवण हळूहळू क्षीण होते. त्याची मातृभाषा मराठी, हिंदी, उर्दू वा तेलुगू असते; घरातील बोलणे, अजान, भजन हे सारे त्याने ऐकलेले असते. त्याच्या दृष्टीने बधिरत्व ही निखळ हानी होय. तिला ‘अस्मिता’ म्हणणे म्हणजे मालकाचे दायित्व झाकणे ठरेल. कारखाना अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत आवाजजन्य श्रवणऱ्हास हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदविलेला होता. मात्र या अधिनियमानुसार विजेचा वापर असलेल्या जागेस कारखाना ठरण्यासाठी किमान १० कामगार लागत; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही संख्या २० केली. परिणामी लहान शेडमधील कामगार संरक्षणापासून अधिकच दूर गेला.

हातवारे आणि भाषा

मागांच्या खडखडाटात कामगारांना परस्परांशी हातवाऱ्यांनी बोलावे लागते. सांकेतिक भाषा म्हणजे असेच हातवारे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु १९६० साली विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची संरचना उलगडून दाखविल्यानंतर हा समज शास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतंत्र व्याकरण आहे. ‘तू कोठे जातोस?’ या मराठी वाक्यात ‘कोठे’ क्रियापदापूर्वी येते. भारतीय सांकेतिक भाषेत मात्र प्रश्नवाचक संकेत सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येतो.

जन्मतः बधिर असलेल्या मुलाचे प्रकरण त्यामुळे विणकराहून मूलतः भिन्न ठरते. त्याने काही गमावलेले नसते. त्याला भाषा मिळायची असते. बहुसंख्य बधिर मुले ऐकू येणाऱ्या पालकांच्या घरी जन्मतात, म्हणून ही भाषा त्यांना घरी नव्हे, तर शाळेत व बधिर समवयस्कांत लाभते. १८८० च्या मिलान परिषदेने शिक्षणातून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा पुरस्कार केला आणि ओठ वाचून बोलण्यावर भर देणारी मौखिक पद्धती रूढ झाली. मिलानचे ठराव २०१० साली व्हँकुव्हर येथे अमान्य केले गेले. मधल्या १३० वर्षांत मुलाला भाषा आली का, यापेक्षा आवाज काढता आला का, याचीच परीक्षा अधिक झाली.

मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ मध्ये सांकेतिक भाषेचे अध्यापन सुरू झाले, तर २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. केंद्राच्या २०२१ च्या शब्दकोशात सुमारे १०,००० संज्ञा आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत तिला स्थान नाही.

अस्मितावादाची चिकित्सा

‘बधिरत्व हे अपंगत्व नव्हेच’ ही भूमिका आत्मसन्मान देते. परंतु ती टोकाला नेल्यास आरक्षण, दुभाषी व साहाय्यक साधने यांवरील हक्काचा कायदेशीर आधारच डळमळतो. श्रवणयंत्र वा कॉक्लिअर इम्प्लांट स्वीकारणारे पालक भाषेचे विरोधक ठरतात, असेही नाही. यंत्र आणि संकेत ही दोन्ही साधने एका मुलाला एकाच वेळी देता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, ज्यास भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले, अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या चौकटीतच बधिर संस्कृतीला मान्यता दिली आहे. म्हणजे या दोन भूमिका परस्परांना छेद देतातच असे नाही.

समारोप

‘अपंगत्व की अस्मिता’ हा प्रश्न सरसकट विचारणे हीच मूळ चूक आहे. विणकराच्या बाबतीत प्रश्न हानीचा आहे. तेथे आवाजाचे नियंत्रण, नियमित श्रवणतपासणी आणि नुकसानभरपाई हवी. बधिर मुलाच्या बाबतीत प्रश्न भाषेचा आहे. तेथे संकेत जाणणारे शिक्षक हवेत आणि पालकांनाही ती भाषा शिकविली जावी. दोघांचा श्रवणआलेख एकसारखा असू शकेल, त्यांची गरज मात्र एकसारखी नसते. महाविद्यालयांनीही प्रवेशाच्या वेळी केवळ प्रमाणपत्रावरील टक्केवारी न नोंदविता विद्यार्थ्याची संवादभाषा विचारावी आणि त्यानुसार दुभाष्याची वा लेखी टिपणांची व्यवस्था करावी, एवढे या चिकित्सेतून निश्चितपणे निष्पन्न होते.