पाहुणचारातील विष : ‘द सर्पंट’ मालिकेचे चिकित्सक अवलोकन

१९७०च्या दशकात पाठीवर पिशवी टाकून युरोपातून खुष्कीने भारत-नेपाळकडे येणाऱ्या तरुणांची वाट ‘हिप्पी मार्ग’ म्हणून ओळखली गेली. या तरुणांना लुबाडून ठार मारणाऱ्या चार्ल्स शोभराजवर आधारित ‘द सर्पंट’ ही आठ भागांची मालिका बीबीसीने २०२१ मध्ये प्रसारित केली.

मालिकेचे बळ तिच्या धोक्याविषयीच्या आकलनात आहे. येथे धोका अंधाऱ्या गल्लीत दबा धरून बसत नाही; तो बँकॉकच्या ‘कनित हाऊस’मध्ये यजमान होऊन भेटतो. औषध म्हणून दिलेला पेला पाहुण्याला अधिक आजारी करतो आणि तो आजारी पाहुणा यजमानाचा अधिकच ऋणी होतो. लेण्याद्रीच्या परिसरातील वाचकास हे विशेष बोचावे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. परका माणूस तेथे देणारा म्हणून कोरला गेला. मालिकेत अन्नपाणी देणाराच मारेकरी ठरतो.

कालक्रमाची सततची उलटापालट मात्र थकवते. तरीही तिचा एक लाभ नाकारता येत नाही : ज्याचा मृत्यू आधीच कळला आहे, तो तरुण पुन्हा हसता-बोलता समोर येतो आणि केवळ ‘बळी’ उरत नाही. ताहर रहीमचा थंड अभिनय प्रभावी आहे, कदाचित गरजेपेक्षा अधिक. खुनी आकर्षक वाटू लागतो. डच दूतावासातील हर्मन निपेनबर्ग यांचा चिवट पाठपुरावा हा त्यावरचा उतारा. आशियातील स्थानिक माणसे मात्र बहुतांशी पार्श्वभूमीलाच राहतात.

ही उणीव मराठी वाचकास सहज जाणवते. मुंबई पोलिसांतील मधुकर झेंडे यांनी शोभराजला १९७१ मध्ये पकडले होते. मार्च १९८६ मध्ये तो तिहारमधून पळाला, तेव्हा ६ एप्रिल रोजी गोव्यातील पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ उपाहारगृहात झेंडे यांनीच त्याला पुन्हा जेरबंद केले. चिन्मय मांडलेकर यांच्या ‘इन्स्पेक्टर झेंडे’ (२०२५) या चित्रपटाने हाच पाठलाग विनोदी अंगाने मांडला. गुन्हेगाराचे नावही ‘कार्ल भोजराज’ असे बदलले. हास्यामुळे खुन्याभोवतीचे वलय फिटते, हे या चित्रपटाचे श्रेय. मात्र त्या हास्यात वाटेवर मेलेल्या तरुणांना फारशी जागा उरत नाही.